आउटबॅकचा प्रवास ठिकाणांच्या यादीवरून आखू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यामुळे तिकडे दोन-तीन महिने राहून येणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता बरीच वाढली आहे. सिडनीचे ऑपेरा हाऊस आणि मेलबर्नजवळचा ग्रेट ओशन रोड पाहून झाला, की त्यांच्यापैकी अनेकांना चार मित्र जमवून, कॅराव्हॅन (गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर) घेऊन, आउटबॅकमध्ये, म्हणजे देशाच्या विरळ वस्तीच्या आतल्या भागात, आणि दूरच्या किनाऱ्यांवर जाऊन यावेसे वाटते. ही इच्छा अगदी रास्त आहे. मात्र पर्यटन पुरवण्यांतून आणि सहलीच्या जाहिरातींतून या प्रवासाचे जे चित्र उभे केले जाते, त्यात एक मूलभूत विसंगती आहे. एकीकडे ‘मनाला येईल तिथे थांबा’ असे सांगितले जाते आणि दुसरीकडे बारा-पंधरा दिवसांत उलुरूचा प्रचंड खडक, नलारबॉरचे पठार, देवमासे, प्रवाळ आणि मोत्यांचे ब्रूम शहर हे सगळे ‘करून’ यायचा कार्यक्रम हातात दिला जातो. दुसऱ्या गोष्टीविषयी मला हरकत घ्यायची आहे, कारण आउटबॅकमध्ये धोकादायक ठरू शकणाऱ्या गोष्टींत मगरी आणि साप यांच्या आधी मी असल्या भरगच्च कार्यक्रमाचे नाव घेईन.

माझी सारी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत, ब्रेक आणि अॅक्सल यांच्या सहवासात गेली. गेल्या वर्षी तिकडच्या हिवाळ्यात आम्ही महाविद्यालयापासूनचे काही मित्र सपत्नीक, दोन गाड्यांना दोन कॅराव्हॅन जोडून, अॅडलेडहून निघून नलारबॉर ओलांडून पर्थला आणि तेथून उत्तरेस एक्समाउथपर्यंत गेलो. सोबत्यांपैकी दोघे तिथेच अनेक वर्षे राहिलेले असल्याने अनेक गोष्टी आम्हाला निघण्यापूर्वीच कळल्या होत्या. त्या येथे लिहाव्यात, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

प्रथम अंतराविषयी. नलारबॉर ओलांडणारा पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा एअर (Eyre) हायवे सुमारे १,६६० किलोमीटरचा आहे आणि त्याचे डांबरीकरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्यातील कायगुना ते बॅलाडोनिया हा १४६.६ किलोमीटरचा तुकडा एकही वळण न घेता जातो. मुंबईहून निघून पुण्यापर्यंत स्टिअरिंग सरळच धरून ठेवावे, तसा. नकाशावर बोटभर दिसणारा हा रस्ता गाडीतून किती लांब असतो, याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही, कारण आपल्याकडे दर दहा-वीस किलोमीटरवर गाव, चहाची टपरी आणि पंक्चरवाला असतो. तिथे एका रोडहाऊसपासून पुढचे रोडहाऊस पावणेदोनशे-एकशे नव्वद किलोमीटरवर असू शकते, आणि रोडहाऊस म्हणजे गाव नव्हे: इंधनाचे पंप, खाणावळ, चार खोल्या आणि कॅराव्हॅन उभ्या करण्याची जागा, एवढाच तो संसार. मधल्या अंतरात फोन बहुतेक वेळा मुका असतो. अशा रस्त्यावर ‘आज सातशे किलोमीटर मारू’ असे ठरवणारा गट संध्याकाळी अंधारात सापडतो, आणि अंधार हीच तिथली खरी अडचण आहे.

कांगारू, एमू, वॉम्बॅट आणि उंट हे प्राणी पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. त्यांच्या चित्रांच्या पिवळ्या पाट्या पर्यटकांना फोटोसाठी फार आवडतात. पण भाड्याच्या अनेक वाहनांच्या करारात वस्तीबाहेर रात्री गाडी चालवण्यास मनाई असते, ती याच प्राण्यांमुळे. तीन टनांची कॅराव्हॅन मागे असताना अचानक ब्रेक दाबला किंवा गाडी वळवली तर काय होते, हे जड वाहनांशी संबंध आलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आम्ही दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास मुक्काम गाठायचाच, असा दंडक पाळला. दिवसाचे अंतर त्या दंडकातून निघाले. ठिकाणांच्या यादीला त्यात मत नव्हते.

उंटाच्या पाटीशी आपले एक जुने नाते आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८६० मध्ये मेलबर्नहून निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स याने हिंदुस्थानात उंट खरेदी केले आणि त्यांपैकी २४ उंट उंटवाल्यांसह कराचीहून जहाजाने नेले. आणि सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. पुढे अफगाण, बलुच, सिंधी आणि पंजाबी उंटवाल्यांनीच कित्येक दशके या कोरड्या प्रदेशात लोकर, तारायंत्राचे सामान आणि पाणी वाहिले. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडून दिले गेले. आज रस्त्यावर आडवे येतात ते त्यांचेच वंशज.

आता वजनाकडे येतो, कारण या विषयावर आपल्याकडे कोणी लिहीत नाही. ऑस्ट्रेलियात साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची कॅराव्हॅन ओढता येते. त्यासाठी वेगळी परीक्षा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर चालकांच्या चाचण्या पाहिल्या, त्याला ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. कॅराव्हॅनच्या पाटीवर तिचे कमाल मान्य वजन लिहिलेले असते आणि त्यातून रिकाम्या कॅराव्हॅनचे वजन वजा केले की सामानासाठी उरणारी मर्यादा बरेचदा चारशे-पाचशे किलोच असते. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले दीड-दोनशे किलो तिथेच संपतात. राहिलेल्या वजनात गॅसच्या टाक्या, खुर्च्या, छत्रीसारखा उघडणारा मांडव, भांडी आणि आपला शिधा बसवायचा असतो, आणि आपल्या मंडळींचा शिधा हा काय प्रकार असतो ते वाचकांना ठाऊक आहे. दहा किलोचे आट्याचे पोते आणि प्रेशर कुकर कॅराव्हॅनच्या अगदी मागच्या कपाटात ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे जागा रिकामी दिसते. तसे मुळीच करू नये. जड सामान अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, जवळ आणि शक्य तितके जमिनीलगत ठेवावे. पुढच्या जोडणीवर एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पडला पाहिजे. मागचे टोक जड झाले की ताशी नव्वदच्या वेगाला, समोरून ट्रक गेल्यावर येणाऱ्या हवेच्या एका झोताने कॅराव्हॅन शेपटीसारखी हलू लागते. त्या वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबणे ही सर्वांत वाईट प्रतिक्रिया होय; पाय हलकेच काढून, कॅराव्हॅनचे विद्युत ब्रेक हाताने वेगळे लावायचे असतात. त्याची कळ कुठे आहे ते निघण्यापूर्वी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी दाबून पाहिलेले असावे.

ट्रक असा शब्द मी वापरला, पण तिथल्या रोड ट्रेनला तो अपुरा पडतो. एका इंजिनामागे तीन-चार डबे जोडलेल्या या वाहनांची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते. त्यांना थांबायला आणि वळायला वेळ लागतो, म्हणून वाट आपण द्यायची. कॅराव्हॅनवाल्यांकडे बिनतारी संचाची सोय असते. ४० क्रमांकाच्या वाहिनीवर ट्रकचालक बोलतात आणि १८ क्रमांकावर कॅराव्हॅनवाले. मागून रोड ट्रेन येताना दिसली की तिच्या चालकाला ‘तुम्ही पुढे जाण्यास निघालात की मी वेग कमी करतो’ एवढे सांगितले तरी त्याचे काम सोपे होते. दोन कॅराव्हॅन एकमेकींना चिकटून चालवणे हा मित्रमंडळींचा नेहमीचा दोष असतो. वस्तीबाहेर लांब वाहनांनी आपसात किमान ६० मीटर अंतर ठेवावे असा तिथला नियमच आहे, कारण दोघांच्या मध्ये जागा नसेल तर मागून येणाऱ्याला एकदम दोघांना ओलांडावे लागते.

पाणी आणि इंधन यांचे गणित याहून कठोर आहे. कॅराव्हॅन जोडली की इंधनाचा खर्च दीडपट किंवा त्याहून अधिक होऊ शकतो, आणि पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असेल तर त्यात आणखी भर पडते. म्हणून ‘पुढच्या पंपावर भरू’ ही सवय अॅडलेडमध्येच सोडावी. नलारबॉर हे चुनखडीचे प्रचंड पठार आहे. जो थोडा पाऊस पडतो तो जमिनीत आणि खालच्या गुहांत जिरून जातो, वर नदी किंवा ओढा म्हणून काही उरत नाही, आणि जमिनीतले पाणी खारे असते. रोडहाऊसवर टाक्या भरून मिळतील असे गृहीत धरणे त्या लोकांवर अन्याय करणारे आहे. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर याने हा किनारा पार केला, तेव्हा वाळूच्या टेकड्यांत कुठे खणले असता पाणी लागते हे त्याला तिथल्या आदिवासींनी दाखवले होते, आणि शेवटपर्यंत त्याची साथ करणारा वायली हाही आदिवासी तरुण होता. एअरच्या नावाचा महामार्ग झाला. पाणी दाखवणाऱ्यांची नावे मात्र कुठल्या पाटीवर नाहीत.

दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवर कॅराव्हॅनची तपासणी होते. फळे, बहुतेक ताज्या भाज्या, मध, बिया आणि रोपे पलीकडे नेता येत नाहीत, कारण फळमाशी आणि पिकांचे रोग त्यांच्यासोबत जातात, आणि पश्चिमेच्या शेतकऱ्यांनी आपला प्रदेश त्यांपासून जपलेला आहे. हा नियम देशांतर्गत प्रवासाला लागू असेल असे आपल्या मनातही येत नाही. अधिकारी सौजन्याने कपाटे आणि फ्रीज उघडून पाहतात. हिरव्या मिरच्या, लिंबे, कढीपत्ता लपवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा. शिजवलेल्या अन्नाला अडचण नसल्यामुळे आदल्या संध्याकाळी सर्व कॅराव्हॅनवाले उरलेल्या भाज्या शिजवून टाकतात. आमच्याकडे त्या रात्री सगळ्या भाज्यांची मिळून जी एक मिसळ-भाजी झाली, तिची चव मी कोणाला सुचवणार नाही. परतीच्या दिशेने येणाऱ्यांची अशीच तपासणी सेडुना येथे होते. सीमेच्या पलीकडे युक्ला परिसरात घड्याळही निराळे आहे: दक्षिण ऑस्ट्रेलियापेक्षा पाऊण तास मागे आणि पर्थपेक्षा पाऊण तास पुढे.

हा प्रदेश ‘निर्जन’ असल्याचे वर्णन मराठीत वारंवार वाचायला मिळते, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. मे ते ऑक्टोबर या काळात हेड ऑफ बाइट येथे सदर्न राइट जातीच्या देवमाशांच्या माद्या पिलांसह किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात, की कड्यावरून नुसत्या डोळ्यांनी त्या दिसतात. हा कडा यालाटा समाजाच्या भूमीत येतो. १९५२ मध्ये उत्तरेकडील ओल्डिया मिशन बंद झाल्यावर तिथल्या आदिवासींना यालाटा येथे आणून वसवण्यात आले, आणि त्यांच्या मूळ भूमीवर, मारालिंगा येथे, ब्रिटनने १९५६ ते १९६३ या काळात अणुस्फोट व त्यांच्याशी संबंधित प्रयोग केले. जमीन रिकामी दिसते त्यामागे असाही इतिहास असतो. आजही अनेक आतल्या रस्त्यांसाठी परवानगी काढावी लागते. उलुरूकडून पश्चिमेला जाणारा ग्रेट सेंट्रल रोड आदिवासींच्या जमिनीतून जातो आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या भूमी मंडळांची अनुमती घेऊन निघायचे असते. उलुरूवर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले आहे, तरी चढाईची जुनी छायाचित्रे अजून आपल्या पुरवण्यांत छापून येतात, हे योग्य नाही.

पश्चिम किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर वाटते की आता हात मोकळे झाले, डांबरी रस्ता आहे, समुद्र आहे, मध्ये गावेही आहेत. पण शार्क बेमधील हॅमेलिन पूल हे ठिकाण पाहिल्यावर चाकाखालच्या जमिनीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. तिथल्या उथळ, समुद्राच्या दुप्पट खाऱ्या पाण्यात स्ट्रोमॅटोलाइट आहेत: सूक्ष्मजीवांच्या थरांनी बांधलेल्या खडकासारख्या रचना, ज्यांचे पूर्वसुरी पृथ्वीवरील सर्वांत जुन्या जीवाश्मांत गणले जातात. त्यांची वाढ वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. कित्येक दशकांपूर्वी लोकरीच्या गासड्या जहाजापर्यंत नेणाऱ्या गाड्या त्या थरांवरून गेल्या, त्यांच्या चाकांचे चर अजून भरलेले नाहीत. कॅराव्हॅनवाल्यांनी आखलेली वाट सोडून वाळूत आणि झुडपांत गाडी का घालू नये, याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरीकडे पाहिला नाही.

तिथून उत्तरेस निंगालूचा प्रवाळपट्टा आहे, जो २०११ पासून जागतिक वारसा आहे. किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतक्या अंतरावर प्रवाळ असणे ही त्याची खासियत, आणि मार्च ते जुलै या महिन्यांत येणारे व्हेल शार्क हे दुसरे आकर्षण. २०२५ च्या सुरुवातीस समुद्र फार तापल्यामुळे येथील बरेच प्रवाळ पांढरे पडले, ही बाब जाहिरातींत नसते. केप रेंज राष्ट्रीय उद्यानातील किनाऱ्यालगतच्या तळांचे आरक्षण हिवाळ्यासाठी कित्येक महिने आधी भरून जाते आणि तिथे वीज नाही, पिण्याचे पाणी नाही. सारे आपल्यासोबत नेऊन कचरा परत आणायचा. येथे येऊन ‘मनाला येईल तिथे’ थांबणाऱ्यांना रात्री उठवून परत पाठवले जाते. सांडपाणी आणि फिरत्या शौचालयाची टाकी नेमलेल्या डम्प पॉइंटवरच रिकामी करायची असते. हे काम आळीपाळीने सर्वांनी करावे, ते ‘ज्याला जमते त्याने’ या तत्त्वावर सोडले तर मैत्री टिकत नाही.

मित्रांविषयी एवढे लिहिणे पुरे होणार नाही, कारण अशा सहलीत रस्त्यापेक्षा माणसे अधिक दमवतात. सहा फुटांच्या स्वयंपाकघरात सकाळचे पोहे कोण करणार, गाडी कोण चालवणार, आणि कॅराव्हॅन मागे घेताना सूचना किती जणांनी द्यायच्या, हे ठरलेले असावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एकाच माणसाने’ असे आहे. मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावे त्याच्या उलट दिशेला कॅराव्हॅन जाते. भोवती पाच मराठी माणसे एकाच वेळी ‘घ्या, घ्या, येऊ द्या’ म्हणू लागली तर कसलेला चालकही गडबडतो. आमच्यात एक नियम असा होता, की कोणा एकालाही थकवा वाटत असेल तर दुसऱ्या दिवशी निघायचे नाही, त्यावर चर्चा नाही. या एका नियमाने आमचे निम्मे वाद मिटले. याच कारणाने काल्बारीच्या दऱ्या आमच्या पाहायच्या राहिल्या, आणि त्याची खंत कोणीही केली नाही.

ज्येष्ठ वाचकांसाठी प्रकृतीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या भारतीयांना तिथल्या सरकारी मेडिकेअरचा लाभ मिळत नाही, कारण भारताचा तसा करार नाही. विमा घेताना दुर्गम भागातून रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात समाविष्ट आहे का, ते वाचून घ्यावे. अशा भागात मदतीला येते ती रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस, जी जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथे सुरू झाली. एअर हायवेवर काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीच्या पांढऱ्या खुणा रंगवलेल्या आहेत. विमान उतरायचे असेल तर वाहतूक थांबवून महामार्गच धावपट्टी होतो. व्यवस्था उत्तम आहे, पण विमान येईपर्यंतचा वेळ आपला असतो. औषधे दुप्पट दिवसांची न्यावीत, भाड्याने मिळणारा उपग्रहाशी जोडलेला आपत्कालीन संकेतक सोबत ठेवावा, आणि गाडी बंद पडलीच तर तिला सोडून चालत निघू नये; शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

म्हणून जे वाचक पुढील वर्षाचा बेत करत असतील, त्यांना माझी विनंती अशी, की मार्ग निवडण्यापूर्वी ऋतू निवडावा: दक्षिणेला देवमाशांसाठी जून ते सप्टेंबर, आणि उत्तरेला पावसाळा व चक्रीवादळांचे महिने, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, टाळून. त्यानंतर जितक्या अंतराचा विचार मनात असेल त्याचे निम्मे अंतर धरावे. परतीचे विमान प्रवासाच्या शेवटच्या दिवसाला चिकटून घेऊ नये. भाडेकरारात कोणते रस्ते ‘कच्चे’ मानले आहेत ते सही करण्यापूर्वी तपासावे, कारण गिब रिव्हर रोडसारख्या मार्गांवर भाड्याची साधी वाहने नेल्यास विमा लागू होत नाही. आपल्या पुरवणीत पुढे कधी या प्रवासावर लेख आला, तर छायाचित्रांच्या शेजारी रोडहाऊसमधील अंतरे, पाण्याची ठिकाणे आणि सीमेवर काय नेता येत नाही, याची एक चौकट अवश्य छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यांत्रिकी अभियंता, नाशिक